बाळबोध वाचणारे हनुमंतराव

हनुमंतराव वाचायला बसले की आधी तपकीर ओढायचे. चिमूट डाव्या नाकपुडीत, मग उजव्या, मग दोन शिंका, मग धोतराच्या सोग्याला नाक. त्यानंतर तोच अंगठा जिभेवर ओला करून कागदाला लावायचे. चंद्रमतीला लहानपणापासून त्याची किळस यायची.

पण तंजावुरात राजवाड्यामागच्या त्या गल्लीत बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर वाचणारा म्हणून हा एकच माणूस. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ लिहायचं, कचेरीत इंग्रजी; बाळबोध हवी कुणाला? वर्षाकाठी वरून, महाराष्ट्राकडून, एखादी लग्नपत्रिका नाहीतर पत्र यायचं. ते घेऊन लोक हनुमंतरावांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जायचे. सोबत विड्याची पानं आणि नारळ. हनुमंतराव वाचायचे, बाकीचे माना डोलवायचे. त्यांच्याकडून वाचून घेतलेला कागद दुसऱ्या कुणाला दाखवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं, असा गल्लीचा रिवाज होता.

१९६५ च्या उन्हाळ्यात चंद्रमतीचा कागद त्या अंगठ्याखाली आला.

चंद्रमती तेव्हा दहावीत. अंगानं काडी, जिभेनं तिखट. तिच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता, तोही कपाटात कुलूपबंद. वर्षातून एकदा चाळीस मुलींची रांग लागायची आणि एकेकीला एक मिनिट. चंद्रमतीनं त्या मिनिटात कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, आणि मागचीनं कोपर मारेपर्यंत ती जागची हलली नव्हती. सायन्सच्या राजलक्ष्मी टीचरनी ते बघून ठेवलं होतं. सुट्टीत हायस्कूलच्या मुलामुलींसाठी दोन ठिकाणी वर्ग निघाले, तेव्हा त्यांनी तिलाच बोलावलं. एक वर्ग मद्रासला विद्यापीठात, दुसरा पुण्याला एका कॉलेजात.

"शाळा एकाच अर्जावर शिक्का मारील," टीचर म्हणाल्या. "वडिलांची सही घेऊन सोमवारी ये."

मद्रासचं पत्रक इंग्रजीत होतं. ते तिनं स्वतः वाचलं: पाच आठवडे, वनस्पतिशास्त्र, दोघांत मिळून एक मायक्रोस्कोप. पुण्याचं पत्रक बाळबोधीत. तिचे अप्पा श्रीनिवासराव कालव्याच्या कचेरीत कारकून. ते पान-नारळ घेऊन हनुमंतरावांकडे गेले, मागोमाग चंद्रमती.

हनुमंतरावांनी सगळं यथासांग केलं. नाक, शिंका, सोगा, अंगठा. पत्रकाच्या कोपऱ्यात तपकिरीचा ओला डाग उमटला.

"तंजावूरच्या कन्यांस विशेष मान," त्यांनी सूर लावला. "सहा आठवडे मुक्काम. दोन वेळां भात, सांबार. प्रत्येकीस एक मायक्रोस्कोप."

"प्रत्येकीस?" चंद्रमतीनं विचारलं.

"प्रत्येकीस. लिहिलंय कीं इथं."

त्या एका शब्दासाठी चंद्रमतीनं तपकीरसुद्धा माफ केली. अप्पांनी येताना गल्लीत सांगून टाकलं, मुलगी पुण्याला जाते, आपल्या लोकांच्या मुलुखांत.

दुसऱ्या दिवशी शेजारचे अमरसिंह कौतुकानं विचारायला आले, म्हणून हनुमंतरावांनी चंद्रमतीकडून तेच पत्रक ओट्यावर मागवून पुन्हा वाचलं. या खेपेला मुक्काम दोन महिन्यांचा झाला. जेवणात आप्पळम, म्हणजे पापड, आले. आणि शेवटी, "सायंकाळी समुद्रस्नान."

"काका, पुण्याला समुद्र कुठला?"

हनुमंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, कागदांत लिहिलंय तें वाचतों मी. तुझा भूगोल तूं बघ."

लोक हसले. चंद्रमतीनं पत्रक उचललं आणि घरी येऊन परकराच्या घडीत ठेवलं.

शनिवारी अमावास्या होती. आई, वेंकूबाई, स्नानाला तिरुवैयारूला निघाली, तशी चंद्रमतीही पत्रक पिशवीत टाकून बसमध्ये चढली. उन्हाळ्यातली कावेरी ती. वाळूत खड्डा करून बायका तांब्यानं पाणी घेत होत्या. घाटाजवळ सेतुमाधव नावाचे म्हातारे राहायचे. जन्मभर पोथ्यांच्या नकला केलेला माणूस. चंद्रमती ओल्या परकरानं थेट त्यांच्या दारात गेली आणि पत्रक पुढं धरलं. वेंकूबाई मागून "नको गे, हनुमंतरावांना कळलं तर" म्हणत राहिली.

म्हाताऱ्यानं डाग बघून पत्रक बोटांच्या टोकांनी धरलं आणि सरळ वाचून टाकलं. मुक्काम तीन आठवडे. मुलांस पदार्थविज्ञान व रसायन, प्रयोगशाळेसह. मुलींस लोणची-मुरंबे, शिवण आणि बालसंगोपन.

"मायक्रोस्कोप?"

"नाहीं, बाळ."

"कुठंच नाहीं?"

त्यांनी पाठपोट पाहिलं. "शिवणाची सुई आपली आपण आणावी, असं आहे."

बसमध्ये वेंकूबाई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. चंद्रमतीला वाटलं, मुलीनं रिवाज मोडला म्हणून आई रागावली.

रविवारी दुपारी अप्पा पुण्याचा अर्ज भरायला बसले, तेव्हा चंद्रमतीनं सगळं सांगितलं. लोणची, मुरंबे, सुई. अप्पांना आश्चर्य वाटलंच नाही. ते कॉफीचा पेला डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, ओतत राहिले, डबरा पेल्यात.

"अस्क्यांना ठावं आहे गे, सगळ्या गल्लीला," ते म्हणाले. "पंचवीस-तीस वर्षं झालीं. हनुमंतरावांना चार अक्षरं येतात, पुढचं जुळवतात. ह्या वयांत मान काढून घ्यायचा काय त्यांचा?"

 तपकिरीची किळस चंद्रमतीला सवयीची होती, ही नवी होती. ओट्यावर बसलेली ती शहाणीसुरती माणसं, कचेऱ्यांतून फायली तपासणारी, खोटं आहे हे जाणून माना डोलवत होती. आणि तिचे अप्पा त्यांत पहिल्या रांगेत.

"तुम्हांला ठावं होतं, तरी मला त्यांच्याकडं नेलां?"

"लोणचं काय वाईट असतं काय? गल्लीत सांगून बसलों मी, पुण्याला म्हणून."

तेवढ्यात वेंकूबाई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात तिच्या थोरल्या बहिणीची पत्रं. बहीण इंदूरला दिलेली, चार वर्षांमागं तिकडंच वारली. पत्रं तिच्या नवऱ्यानं लिहिलेली, बाळबोधीत.

"अक्काचं हें शेवटचं पत्र," वेंकूबाई म्हणाली. "हनुमंतरावांनी वाचलं तेव्हां, सर्व क्षेम, यंदा आंबे फार, असं होतं. पुढच्या महिन्यांत तार आली. तुम्ही होतां कीं तिण्णैवर."

तिनं डबा अप्पांच्या पुढ्यात सरकवला.

"तिनं मला बोलावलं होतं काय हो, ह्याच्यांत?"

"मला काय ठावं. मलाही वाचायला येत नाहीं."

"पण त्यांना येत नाहीं हें ठावं होतं."

वेंकूबाईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. पुण्याचा अर्ज अप्पांच्या पुढ्यातून काढला, मद्रासचा ठेवला, आणि पेनाचं टोपण स्वतः उघडून पेन त्यांच्या हातात दिलं.

"सही करा."

अप्पांनी केली.

गल्लीत बातमी फिरायला वेळ लागला नाही. चंद्रमतीची मद्रासची गाडी होती त्या दिवशी हनुमंतराव आपण होऊन स्टेशनवर आले, अमरसिंहांना घेऊन. "मीच सांगट्लों श्रीनिवासाला," ते फलाटावर म्हणत होते, "मुलीच्या जातीला मद्रास जवळ. पुण्याचं पत्रक मीं नीट वाचून पाहिलं." अमरसिंहांनी मान डोलवली. अप्पांनीही डोलवली.

चंद्रमतीला वाकून नमस्कार करावा लागला. हनुमंतरावांनी कनवटीच्या पुडीतलं कुंकू काढलं, अंगठा जिभेवर ओला केला आणि तिच्या कपाळावर टेकवला. तपकिरीचा वास थेट नाकात गेला.

गाडीला अजून दहा मिनिटं होती. ती फलाटाच्या टोकाच्या नळाशी गेली. तो नळ हात काढला की बंद व्हायचा. वेंकूबाई मागोमाग आली, फराळाच्या डब्याची पिशवी काखेत मारून तिनं दोन्ही हातांनी नळ दाबून धरला. चंद्रमती कपाळ घासत राहिली. कुंकू गेलं, कातडी लाल झाली, तरी घासत होती. गार्डची शिट्टी वाजेपर्यंत वेंकूबाईनं नळ सोडला नाही.