लागू नसेल ते खोडावे

हे लिहिणं मला भाग आहे. चूक माझी, आणि बोल दुसऱ्याच कुणाला लागतोय. मी बारामतीत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. मागच्या आठवड्यात माझ्या सहीच्या एका कागदामुळे एका मुलीचं कॉलेज बंद झालं.

मुलगी इंदापूर तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. जिम्नॅस्टिक्स करते. नाव लिहीत नाही... तिच्या गावाला ते ठाऊक आहे, आणि ही पोस्ट मुख्यतः त्या गावासाठीच आहे.

आमचं गेट संध्याकाळी सातला बंद होतं. ही साडेसात, कधी पावणेआठ. उशिराच्या वहीत कारण एकच, 'सराव'. मी पुढे कधी काही विचारलं नाही. नियम तो नियम... तीनदा उशीर झाला की घरी पत्र जातं.

पत्र छापील आहे. 'आपली पाल्य उशिरा परतली / विनापरवानगी रात्रभर बाहेर राहिली / परक्या व्यक्तीसोबत आढळली.' आणि खाली बारीक अक्षरात, 'लागू नसेल ते खोडावे.' त्या दिवशी परीक्षेचे फॉर्म आणि मेसची भांडणं एकदमच आली होती. मी नाव घातलं, सही केली, शिक्का मारला... खोडलं काहीच नाही.

त्यांच्या गावात टपाल दूध डेअरीवर ठेवून जातात. पत्र नुसतं घडी घालून पिन मारलेलं. घरी पोचायच्या आधी ते डेअरीच्या रांगेत वाचून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. मी कॉलेजात मीटिंगला होते. परत आले तेव्हा खोलीत गादीची वळकटी बांधलेली. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, पोरगी रडली बी न्हाय."

मग पत्राची स्थळप्रत काढून पाहिली... आणि खुर्चीत बसूनच राहिले.

प्रॅक्टिकल चार दिवसांवर, त्यानंतर लगेच विद्यापीठाची स्पर्धा. घरचा फोन कुणी उचलेना. शनिवारी इंदापूरची एसटी धरली. काटेवाडी मागे पडेपर्यंत उभीच होते. काय बोलायचं ते मनात दहा वेळा जुळवलं, एकही वाक्य धड बसेना.

आईने पाणी दिलं. वडील समोर बसले, माझ्याकडे न बघता. "आमी तुमच्या भरवशावर पोरगी ठिवली व्हती. आता तुमीच लिवलंय, ते आमी खोटं कसं म्हनायचं?"

"मी खोडायला विसरले," मी म्हटलं.

"सही करायला बरं इसरला न्हाय."

दारातून तिची चुलती म्हणाली, "उड्या मारायला बारामतीला कशाला जायचं म्हनते मी? हितं वावरात बांध काय कमी हायत?"

मुलगी इतका वेळ भिंतीशी उभी होती. ती पुढे आली आणि वडिलांच्या हातात फोन दिला. "तात्या, हे बघा."

व्हिडिओ होते. प्रशिक्षक आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकीचे दिवस ही बॅगेला फोन टेकवून ठेवते आणि स्वतःच्या चुका स्वतःच बघते. कॉलेजच्या हॉलमध्ये बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची अरुंद उंच फळी, नाही. जमिनीवर चिकटपट्टीची एक सरळ रेघ, तिच्यावरच चालणं, गिरकी, कोलांटी... तोल गेला की फोनपाशी येऊन बघायचं, परत रेघेवर जायचं.

शेवटी जाड मॅट ओढत भिंतीपर्यंत नेणं. एकेक मॅट दोघींनी उचलायची असते, ही एकटीच ओढते. उशीर होत होता तो तिथे.

तात्या अंगठ्याने एकेक व्हिडिओ पुढे सारत होते. त्यांच्या मागे उभी राहून मीही बघत होते... पहिल्यांदाच. एका व्हिडिओत तिची उडी अगदी नेटकी उतरली. परीक्षकांसमोर करतात तसे दोन्ही हात वर करून ती उभी राहिली. समोर रिकामा हॉल. मग हात खाली घेतले आणि मॅट ओढायला लागली.

"हितं कोनच न्हाय?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय."

"आन् ह्यात?"

"त्यात बी न्हाय, तात्या."

ते कुणाला शोधत होते ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण बघता बघता त्यांचा आवाज बदलला. "एवढ्या दिसांत एक बी मानूस न्हाय व्हय गं तुझ्यासंगं?"

चुलती आत निघून गेली.

गेटशेजारच्या खोलीत मी बरीच वर्षं एकटी राहते. रात्रीचं ताट एकटीच वाढून घेते. हॉल माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर... एकटं माणूस ओळखायला मला उशिराची वही तपासत बसायला नको होतं.

संध्याकाळच्या दुधाच्या वेळी तात्यांबरोबर डेअरीवर गेले आणि दुरुस्त पत्र मोठ्याने वाचलं. रांगेतून एक आबा म्हणाले, "मॅडम, आता तरी नीट खोडलंय न्हवं?" सगळे हसले. तात्याही हसले, जरा उशिराने.

आता नोंद.

वडिलांच्या हाती दिलं: दुरुस्त पत्र, एक. दोन ओळी खोडलेल्या. उशीर खोडलेला नाही, तो झालाच होता. पुढे 'कारण: सराव' असं हाताने लिहिलं आहे. सोबत माझा माफीचा कागद, एक.

त्यांनी माझ्या हाती दिलं: मुलगी आणि तिची बॅग. आईकडून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, "तिला देऊ नगा, तिला वजन बघावं लागतं, तुमीच खा" या सूचनेसह.

सोमवारी संध्याकाळी, हॉलमध्ये, मुलीने माझ्या हाती दिला: मोबाईल फोन, एक, कॅमेरा चालू करून. नीट धरायला सांगितलं आहे.

मिळाला.