हळदीचा दोरा आणि पनवेलचा पगार

"गावात राहायला खर्च कमी, म्हणून पगार कमी."

"मग गावातली हाडंपण स्वस्त असतात काय, डॉक्टर? ह्याच फोटोला पनवेलला दुप्पट पगार हाय!"

मुरुडच्या दवाखान्यात गुडघ्याचा फोटो काढायला मी बाकावर बसले होते, तेव्हा आतून हे भांडण ऐकू आलं. मी काही कान लावला नव्हता, दारच अर्धं उघडं. डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे मालक, केतन डॉक्टर. आणि ती आमच्या पाखाडीतली कल्पिता, एक्स-रेवाली. झाली त्याला पाच-सहा वर्षं. पगार वाढला नाही, पण पोरीचं तोंडही बंद झालं नाही.

छातीच्या फोटोला गळ्यातलं काढावं लागतं. आमच्या कोळणी मंगळसूत्र उतरवतील? नवरा होडीवर आणि गळा मोकळा? न्हाय म्हणजे न्हाय. म्हणून कल्पिता हळदीचा दोरा जवळ ठेवायची. आधी दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र काढायचं. दोरा फोटोत दिसत नाही, बाईचा जीवही थाऱ्यावर.

पुढे दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन आलं. कल्पिता सुट्ट्या घालवून पनवेलला सीटी शिकून आलेली. तरी डॉक्टरांनी ते चालवायला शहरातून अल्पेश नावाचा पोरगा आणला, तिच्या तिप्पट पगारावर. तिला म्हणाले, "तू मदतीला राहा. पगार एक्स-रेचाच."

पहिल्याच आठवड्यात छातीच्या सीटीला आलेली एक कोळीण मंगळसूत्र मुठीत धरून बसली. अल्पेश विनवायला लागला.

"काकू, काढा ना, पाच मिनिटांचं काम."

"आधी तुझ्या बायकोचं काढून आण, मग बोल!"

शेवटी कल्पिताला बोलावलं. तिनं दोरा बांधला, बाईला झोपवलं, मशीनही तिनंच चालवलं. मग सरळ डॉक्टरांपुढे उभी राहिली. "सीटीचा पगार द्या, न्हायतर महिनाअखेर मी पनवेलला चालले. जागा मिळाली हाय."

डॉक्टर हसले. "दोरा बांधायचा पगार मागतेस?"

"दोरा फुकट हाय. मशीनचा मागते."

दिला नाही. तिनं राजीनामा टेबलावर ठेवला.

बायका तिला थांब थांब करू लागल्या. मी म्हटलं, "तुमच्या गळ्यापायी तिनं जन्मभर अर्ध्या पगारात राहायचं? जाऊ दे तिला!"

शेवटच्या दिवशी दवाखान्यातून सुटली ती नेहमीसारखी भिकूच्या दुकानात गेली. दोऱ्याचं रीळ घेतलं आणि माझ्या पडवीत हळद कालवायला बसली.

"आता कशाला गो? सकाळी एसटी तुझी."

"आजी, पनवेलच्या बायका गळे घरी ठेवून येतात काय?"

अर्धा दोरा तिनं दवाखान्यातल्या आयाबाईसाठी पुडीत बांधला. उरलेला दांडीवर वाळत घातला.