दोन भिंगांतली पानवेल

माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, देवावरही पहारा ठेवतील अशा. जऊळक्याच्या आमच्या पानमळ्यात आंघोळ करून, अनवाणीच जायचं. विटाळशीनं तर कुंपणाकडेही फिरकायचं नाही. चौतीस साली वेली माना टाकू लागल्या तेव्हा त्यांनी थेट माझ्यावर बोट ठेवलं.

“विटाळाची शिरली असशील तू!”

मी शपथ घेतली. तरी मळा मला बंद झाला. असा संताप आला होता!

पिकं तपासणारे शेतकी खात्याचे कामदार उत्तमराव आगगाडीनं आले. त्यांनी आधी खिशातलं साधं भिंग खोडावर धरलं. सालीवरचे डाग मोठे दिसले, आतलं काही कळेना. मग पितळी सूक्ष्मदर्शक निघाला. वस्तऱ्यानं खोडाचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ काप काढून त्यांनी काचपट्टीवर ठेवला. खालच्या आरशाचा उजेड त्यातून आरपार जाई, आणि एकावर एक बसवलेली भिंगं आतलं सगळं मोठं करून दाखवत. खोडाच्या आत बुरशीचे धागे पसरले होते.

“एका भिंगात काईच नाई अन् दुसऱ्यात धागे? एक कोनतं तरी खोटं बोलून राह्यलं,” सासूबाई म्हणाल्या. उत्तमरावांना मीच फितवलंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी किन्हीराजाहून, त्यांच्या लेकीच्या, आवडाच्या, मळ्यातून एक वेल आणली. तिथं माझं पाऊल कधी पडलं नव्हतं. वेल हिरवीगार होती. पितळी यंत्रात तिच्याही खोडात तेच धागे!

“पाह्यलं? धागे काचेतच हायेत!” सासूबाई गरजल्या.

उत्तमरावांनी कोरी काचपट्टी ठेवून त्यांना बघायला लावलं. आत काहीच नव्हतं.

“रोग आधी आत पसरतो, वेल मागाहून सुकते,” ते म्हणाले. “तिथं लावलेलं बेणं कुठलं, बाई?”

“माह्याच मळ्यातलं. गेल्या साली मीच आवडाले देल्लं...”

त्या वेली सुकल्या की आवडाची सासू कोणावर बोट ठेवणार, हे सासूबाईंना सांगायची गरज नव्हती.

त्यांनी ती वेल उचलली. “चाल माह्यासंगं. तिच्या सासूले सांगा लागते, बेणंच खराब होतं.”

“अन् माही शपथ?” मी विचारलं.

त्यांनी मळ्याची ताटी माझ्यासाठी उघडून धरली. लेकीवर वेळ येणार नसती तर धरली असती का, हा संशय माझ्या मनातून आजही गेलेला नाही.