एका रंगीत पानाचं चित्र

आई मार्चमध्ये इंग्लंडमधल्या रीडिंगच्या हॉस्पिटलमध्ये वारली. तिच्या टेबलावर एका जुन्या इंग्रज चित्रकर्तीच्या रानगुलाबाच्या चित्राची तिने केलेली नक्कल होती. ती चित्रकर्ती फूल पूर्ण रंगवायची, पण पान एकच. बाकीची पेन्सिलीने रेखून सोडायची. आईनेही तसंच केलं होतं. बाबांना ही पद्धत माहीत नव्हती. चित्र अर्धवट राहिलं असं समजून त्यांनी आईच्याच ब्रशने, तीन आठवडे बसून, उरलेली पानं रंगवली.

मी ते तिच्या चित्रकलेच्या क्लासच्या प्रदर्शनासाठी नेलं. शिक्षिकांनी एकेक पान पाहिलं. म्हणाल्या, “हे तिने आधीच पूर्ण केलं होतं.”

घरी बाबांनी विचारलं, “काय गं, बाई काय म्हणाल्या? हिरवा जमलाय ना?”

“जमलाय, बाबा.”

प्रदर्शन रविवारपर्यंत चाललं. चित्राखाली फक्त आईचं नाव होतं.