क्विनीन पोटात, ताप अंगात

माझी धाकटी बहीण तळोद्याजवळच्या खेड्यात दिली होती. सातपुड्याचा पायथा तो, हिवताप घरोघरी. पण तिचा ताप काही केल्या हटेना. तिच्या सासूबाई स्वतः क्विनीन पाजायच्या. ताप जरा दबायचा की पुन्हा हुडहुडी. मी आमच्या कोरीट गावाहून तिच्याजवळ राहायला गेले, तर सासूबाईंनी दारातच ऐकवलं, “तुन्ही बहीण दवाई थुंकी टाकस. तिले माहेर जानं शे.” शिवाय हाक मारली तरी ओ देत नाही, माजली आहे, हेही.

माझं डोकंच फिरलं. पोरीची नुसती हाडं उरलेली, आणि म्हणे नाटकं करते. सासूबाई आता नाक दाबून दुप्पट पाजणार होत्या. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू, मग काय दाबायचं ते दाबा.

मी आणि सासूबाईंनी बैलगाडीत घालून तिला तळोद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, ती नुसती बघत राहिली. मोठ्याने विचारलं, तरी तेच. “कानात आवाज येतो म्हणते का?” त्यांनी मला विचारलं. येतो तर, रातकिडे बसलेत म्हणते. ते म्हणाले, क्विनीन अंगात भिनलं की कान असे बंद होतात; पण खात्री करून घेऊ.

काचेच्या नळीत तिची लघवी घेऊन त्यांनी वरून कसलेसे थेंब सोडले. नितळ नळी बघता बघता ताकासारखी पांढरी झाली. माणसाने काय गिळलं ते एक थेंब सांगतो, हे मी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडाचा आ तसाच राहिला. मग बोटाचं रक्त काचेवर पसरून, रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली ठेवलं. “हे बघा हिवतापाचे जंतू,” म्हणाले. रक्ताच्या गोल चकत्या, आणि काहींच्या आत इवल्याशा अंगठ्या, खडा बसवलेल्या. सोनाराला जमणार नाही असं ते नाजूक काम माझ्या बहिणीचा जीव घेत होतं. भीती वाटायला हवी होती, पण मला नवलच वाटत राहिलं, अजून वाटतं.

डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, “औषध हिच्या अंगात आहे, तरी जंतू जिवंत आहेत. ही थुंकत नाही. तापच औषधाला जुमानत नाही.” क्विनीन बंद करून त्यांनी नव्या पिवळ्या गोळ्या दिल्या.

बहिणीने माझा हात ओढून विचारलं, “डाक्टर काय म्हनस? मी थुंकी टाकस, आसंच ना?”

सासूबाई तिच्या कानाशी वाकून ओरडल्या, “नही व माय, तू खरी शे. मन्हं चुकनं.” तिला कळेना. त्या पुन्हा ओरडल्या. बाहेर बसलेल्या साऱ्या बायकांनी ऐकलं, तिने तेवढं नाही.

गोळ्यांनी ताप गेला, आणि हळूहळू कानही सुटले. तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, आता सांगा. त्यांनी पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, आणि तिने ते ऐकलं.