तोट्टमअक्का आणि भावजी

तोट्टमअक्काला बसलेली मी कधी पाहिली नाही. कॉफीसुद्धा ती कुंड्यांमधून फिरत प्यायची. दोन घोट झाले की टंबलर भिंतीवर ठेवून एखादी कुंडी सावलीत ओढायची, तोवर कॉफी गार. मैलापूरच्या त्या गल्लीत सगळे तिला तोट्टमअक्काच म्हणत. तोट्टम म्हणजे बाग.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी नवीनच आले होते. तिच्या नर्सरीत उभी राहून आईशी फोनवर तुळशीबद्दल बोलत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मराठी का गे तूं? कोठली?" तिची मराठी तंजावरची, जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. ‘सगळं’ला ती ‘अस्कं’ म्हणे, ‘म्हणून’ला ‘मेणून’. तुळस मात्र तिने लगेच दिली नाही. "खिडकींत ऊन केव्हां येतं? घरीं कितीला येतेस?" शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून परतायला रात्र होते म्हटल्यावर तिने मान हलवली. "मग तिला पाणी कोण घालील? पहिलें घरीं वेळेवर ये, मग तुळस ने." तुळस मिळायला मला महिना लागला.

नर्सरी तिच्या सासऱ्यांनी सुरू केलेली. तंजावरहून आणलेल्या मोगऱ्याच्या काड्या त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत लावल्या. पुढे तिच्या नवऱ्याने गुलाबाची कलमं वाढवली. तो अचानक गेला, तेव्हा मुलगा मुरली शाळेत होता. अक्काने खुरपं हातात घेतलं आणि धाकटा दीर फाटकाजवळच्या टेबलाशी बसू लागला. त्यांना ती भावजी म्हणे. फार कमी बोलणारे गृहस्थ. अक्का लांबून ओरडायची, "भावजी, कडीपत्त्याला पाणी!" आणि ते निमूटपणे उठायचे.

मग जागा विकायची बोलणी निघाली. जागा दोघांच्या नावावर होती. भावजींना विकायची होती, अक्काला नाही. त्या दिवसांत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पहाटेपासून कुंड्या हलवायची. मोजणीवाले खुणेच्या काठ्या रोवून गेले, तर तिने त्या उपटून टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावल्या. "चांगल्या सरळ आहेत," म्हणाली.

एका रविवारी मी तिथेच होते. अक्का नळीने पाणी घालत होती. भावजी टेबलापासून उठून तिच्याजवळ आले.

"वहिनी, दादा गेला तेव्हां तुमच्या पाठीशीं कोणी पाहिजे मेणून राहिलों. आतां मुरली मोठा झाला. मला लेकीकडे बंगळूरला जायचंय." मग ते म्हणाले, "मला झाडं आवडत नाहींत. कधींच आवडलीं नाहींत."

कुंडी भरून पाणी बाहेर वाहू लागलं तरी तिने नळी हलवली नाही.

"आधीं बोलायचं नाहीं?" ती शेवटी म्हणाली. "इतकीं वर्षं मी तुम्हांला रोज पाणी घालायला लावलं!"

"तुम्ही विचारलं नाहीं, वहिनी."

दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

मुरलीने शहराबाहेर, महाबलिपुरमच्या वाटेवर जागा भाड्याने घेतली. गल्लीतल्या बायका निरोपाला आल्या, तेव्हा अक्का फक्त कुंड्या नीट चढवा म्हणून टेम्पोवाल्यावर खेकसत राहिली. भावजींच्या पाया पडायला तिने मुरलीला दोनदा पाठवलं, स्वतः मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी साताऱ्याला परत निघाले, त्याआधी तिला भेटायला गेले. तांबड्या मातीत हिरव्या जाळीचा मांडव. रस्त्यावरून गाड्या भरधाव जात होत्या, थांबत कुणी नव्हतं. मी भीतभीतच भावजींची चौकशी केली.

"रोज सकाळीं फोन करतात," ती म्हणाली. "लेकीच्या घरीं एक कुंडी नाहीं मेणे. पेपर वाचतात, फिरून येतात. किती सुखांत आहे माणूस!"

हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "मला एकदां तरी कळायला पाहिजे होतं गे," ती म्हणाली.