तिसरा कौल

गौरजाला पावणाईदेवीने दोनदा नवऱ्याकडे परत पाठवलं, असं गाव म्हणायचं. गाव विजयदुर्गच्या अलीकडचं, खाडीला पाठ आणि समुद्राला तोंड करून बसलेलं, शंभरेक घरांचं. तिथं विहीर खणायची असो, सोयरीक जमवायची असो नाहीतर मुंबईची नोकरी सोडायची असो, आधी देवीचा कौल घेतात. महादू गुरव आंघोळ करून गाभाऱ्यात जातो, तांदळाचे दोन दाणे ओले करून देवीच्या पाषाणावर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवतो. मग घरातला कर्ता पुरुष मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपला प्रश्न देवीपुढे मांडतो. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. पुढे कुणी वाद घालत नाही.

गौरजा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा श्रिया दोन वर्षांची होती. गौरजाचा नवरा विश्वेश वैभववाडीकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचा. अक्षर वळणदार, बोलणं शुद्ध. लोक अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडे यायचे आणि जाताना गौरजाच्या नशिबाचं कौतुक करून जायचे. मारताना तो आवाज चढवत नसे. आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा, पट्टा नीट सरळ करून. सोमवार त्याचा उपासाचा. सोमवारी तो मासे खात नसे आणि हात उचलत नसे. गौरजाचा आठवडा त्यामुळे सोमवारी सुरू व्हायचा आणि सोमवारीच संपायचा. बाकीचे दिवस नुसते काढायचे.

तिने आईला पाठ दाखवली. आई, सावित्री, बराच वेळ खोबरेल चोळत राहिली. भावाने, सुशांतने, दुसऱ्या दिवशी कौल लावला. तो देवळात हात जोडून उभा राहिला आणि देवीआईला म्हणाला, "आवशी पावणाय, आमच्या गौरजाचा घर टिकतला काय? टिकतला तर उजवो कौल दी." मागे बसलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. उजवा दाणा लगेच पडला. सुशांतने सुटकेचा श्वास सोडला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीसाठी हापूसची पेटी आणि श्रियासाठी फ्रॉक घेऊन स्वतः तिला एसटीत बसवून आला.

दुसऱ्यांदा आली तेव्हा डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं जुळलेलं होतं. डॉक्टरला दार लागल्याचं सांगितलं होतं. पुन्हा महादू, पुन्हा दाणे, पुन्हा सुशांतचं तेच गाऱ्हाणं. या वेळी गौरजा खांबाला टेकून डाव्या दाण्याकडे बघत होती. पड, पड, असं मनातल्या मनात म्हणत होती. उजवाच पडला.

"देवीच्या मनात आसा, बाय," आई म्हणाली. "आपण काय करतलो?"

एसटीत खिडकीशी बसून गौरजा घाटाकडे बघत राहिली. मार अंगावर राहतो आणि कधीतरी उतरतो. हा कौल मात्र आत बसला. नवऱ्याला आपण नको आहोत हे कळलं होतं. आता देवीलाही नको आहोत, असं तिने धरून चालायला सुरुवात केली. त्यानंतरची तीन वर्षं ती कुणाला काही बोलली नाही. ज्याच्याकडे तक्रार न्यायची तिथेच निकाल लागलेला, मग बोलायचं काय?

तिसऱ्या खेपेला ती एका मंगळवारी सकाळी निघाली. आदल्या दिवशी विश्वेशचा उपास होता, म्हणून अंगात चालण्याइतकं बळ होतं. श्रियाला शाळेच्या गणवेशातच घेतलं. कणकवलीच्या स्टँडवर देवगडची गाडी लागलेली होती. ती चढली नाही. माहेरी गेलं की कौल लागणार, आणि कौल लागला की परत यावं लागणार, हे तिला पाठ झालं होतं. स्टँडच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, घरात त्रास होणाऱ्या बायकांनी कुठे जायचं त्याचा. पत्ता ओरोसचा होता. ती ओरोसच्या गाडीत बसली. देवीला चुकवून चाललेय, असं वाटून तिने गाडीत दोनदा गालावर चापट्या मारून घेतल्या.

ऑफिसात दीपिका नावाच्या अधिकारी बाई होत्या. वय गौरजाहून कमी. त्यांनी श्रियाला बिस्किटं दिली, सगळं लिहून घेतलं, तारखांसकट. मग पेन खाली ठेवून विचारलं, "आता तुम्हाला काय हवंय?"

ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलायचा प्रयत्न करत गौरजा म्हणाली, "घर टिकावं."

"घराचं नंतर बघू. तुम्हाला काय हवंय?"

"भाऊ सांगेल."

"भावाला कुठे मारलंय?" दीपिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "घाई नाही. बाहेर बाकावर बसा. सुचलं की एका वाक्यात लिहून आणा."

गौरजा बाकावर तासभर बसली. कागद मांडीवर, श्रिया खांद्यावर झोपलेली. तिला काय हवंय हे तिला कुणी विचारलं नव्हतं, हे तिला तिथं बसल्यावर कळलं. आईने नाही, सुशांतने नाही. मग देवीनेही नाही, असं मनात आलं आणि ती थबकली. देवीला दोष कसा द्यायचा? देवीला विचारलं होतं, घर टिकेल का. देवी म्हणाली, टिकेल. घर टिकलंच होतं. छप्पर जागेवर होतं, भिंतींना तडा नव्हता, दारावर विश्वेशच्या नावाची पाटी होती. गौरजाचं काय होईल, हे सुशांतने विचारलंच नव्हतं. दोन्ही वेळा देवीने खरं उत्तर दिलं होतं आणि दोन्ही वेळा प्रश्न तिचा नव्हता.

तिने लिहिलं: मला परत जायचं नाही. मुलगी माझ्याजवळ राहिली पाहिजे. एक वाक्य सांगितलं होतं, दोन झाली. दीपिकाबाईंनी चालवून घेतली.

पुढचं सगळं हळू झालं. अर्ज कोर्टात गेला, तारखा पडल्या. शेवटी विश्वेशने तिच्या घरात आणि कामाच्या जागी पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम निघाला, बाकीचा दावा चालू राहिला. गौरजा माहेरी राहिली. सुशांतने कौलाचं नाव काढलं नाही, कारण कोर्टाच्या कागदाला तो घाबरून होता.

ती आंब्याच्या नर्सरीत कामाला लागली. पावसाच्या दिवसांत तिथं कोयीची कलमं बांधतात. कोयीतून उगवलेलं तांबूस पानांचं रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, देठाला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. बायका हिरव्या जाळीखाली ओळीने बसतात आणि हातांबरोबर तोंडंही चालतात. ओळीच्या टोकाला सुभद्रा बसायची. साठीची, विधवा, जिभेने धारदार. पहिल्या दिवशी ती गौरजाची पट्टी बघून म्हणाली, "ह्या काय गो? कलम बांधतंस काय जखमेर फडको गुंडाळतंस? घट बांद."

"बोटा वळनत नाय, सुभद्राकाकी."

सुभद्राने तिचा डावा हात ओढून उजेडात धरला. उलटसुलट करून बघितला. कुणी केलं ते विचारलं नाही. "वाकडी आसत ता बरा झाला," ती म्हणाली. "आकडो झालो मगो. पट्टी ह्यात अडकय आणि उजव्यान ओढ. आमका सरळ बोटा घेवन कोण लग्नाक बोलयता?"

ओळ हसली. गौरजाही हसली, आणि आपलंच हसणं ऐकून दचकली. पण पट्टी घट्ट बसली. त्या हंगामाच्या शेवटी ओळीत तिच्यापेक्षा जलद एकटी सुभद्राच होती.

दुखणं सरळ रेषेत बरं झालं नाही. नर्सरीच्या मालकाने हात धुवायला घड्याळ काढून पिंपावर ठेवलं, तेव्हा तिच्या हातातला चाकू गळून पडला आणि ती जाळीबाहेर जाऊन बसली. सुभद्रा शेजारी येऊन पान खात बसली. पुढच्या वर्षी तेच घड्याळ तिथंच दिसलं, आणि गौरजाने ते उचलून मालकाला नेऊन दिलं, पावसात भिजेल म्हणून. एका रविवारी आईने विचारलं, उद्या काय करूचा, सोमवार मगो. गौरजा म्हणाली, बाजारातून बांगडे हाड.

तिसऱ्या वर्षी गौरजाच्या डोक्यात स्वतःच्या नर्सरीचं आलं. सुभद्रा आणि आणखी तिघी बरोबर यायला तयार होत्या. जागा दोन मिळत होत्या. गिर्यातली रस्त्याला लागून, गिऱ्हाईक सहज येईल अशी. पडेलची आत, पण विहिरीला बारमाही पाणी. ती रोज एकदा इकडे झुकायची, एकदा तिकडे.

याच सुमारास विश्वेशचे चुलते दोन वडीलधाऱ्यांना घेऊन सुशांतकडे आले. विश्वेश सुधारलाय, म्हणाले. दावा मागे घ्या, सून घरी पाठवा, पोरीला बाप हवा. चहा झाला. तिसऱ्या दिवशी जेवताना सुशांत म्हणाला, "गौरू, एकदा कौल लावया. देवी सांगात तसा. माका तरी वाट दिसात."

आईने ताटातून मान वर केली नाही. गौरजाने भाकरी मोडली. श्रिया समोर बसली होती, दहा वर्षांची, आणि आईच्या तोंडाकडे बघत होती. कौल उजवा पडला तर गाव तिसऱ्यांदा व्हय म्हाराजा म्हणेल. मग कोर्टाचा कागद खिशात घेऊन या गावात, या घरात राहायचं कसं?

"लावया," गौरजा म्हणाली. "पण गाऱ्हाणा मी घालतलंय."

"बायल माणूस गाऱ्हाणा घालता खंय?"

"देवीच्या देवळात मगो? बायल माणसाच्याच घराक चाललंय."

सुशांत महादूकडे गेला. त्याची आशा होती की गुरव नाही म्हणेल. महादूने डोकं खाजवलं. "घालूक नये असा काय नाय. आजपर्यंत कोणी इचारूक नाय, इतक्याच."

गुरुवारी सकाळी देऊळ भरलं. विश्वेश पांढऱ्या शर्टात, चुलत्याच्या शेजारी. हुकुमात घर लिहिलं होतं, कामाची जागा लिहिली होती, देऊळ लिहिलं नव्हतं. असल्या हिशेबात तो चुकत नसे. नर्सरीतल्या बायका काम टाकून आल्या होत्या, नखांत माती तशीच. महादूने दाणे चिकटवले आणि बाजूला झाला. गौरजा पुढे आली.

"आवशी पावणाय," ती बापाचं नाव लावून म्हणाली, "मी गौरजा, काशिनाथाचा चेडू. मी, सुभद्राकाकी आणि तिगी मिळान आंब्याची नर्सरी घालतंव. गिर्यातली जागा घेव काय? घेवची आसात तर उजवो कौल दी. नको आसात तर डावो."

नर्सरीतल्या बायकांच्या ओळीतून, सुभद्राच्या आवाजात, "व्हय म्हाराजा" आलं, आणि मागून बाकीच्यांचं.

"गौरू," सुशांत कुजबुजला, "ह्या काय? ता इचारूचा होता ना, जावचा काय नाय ता."

"ता माका ठावक आसा, दादा. माका जावचा नाय. जा आपल्याक ठावक आसा त्याच्यासाठी देवीक कित्याक तरास देव? जागेचा माका खरोखर कळना नाय."

चुलते उठले. "ही थट्टा आहे," विश्वेश नेहमीच्या शुद्ध, खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या प्रश्नाचं काय?"

महादूने वळून बघितलं. "तुमचो प्रश्न हंय खंय इलो, मास्तरानु? एक दाणो पडापर्यंत दुसऱ्या कोणाचो घेणत नाय. बसा."

विश्वेशचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. गौरजाने ते बघितलं. या वेळी तिने नजर हटवली नाही, तो हात परत खाली येईपर्यंत. तो बसला नाही, गेलाही नाही. आणि देवळात सगळे पाषाणाकडे बघत राहिले, कारण कौल लागल्यावर दुसरीकडे बघायची कुणाची पद्धत नाही.

दाणे बराच वेळ हलले नाहीत. पूर्वी एवढा वेळ तिला सोसवला नसता. आता ती निवांत उभी होती. यातलं काहीही पडलं तरी संध्याकाळी ती श्रियाला घेऊन आईच्याच घरी जेवणार होती. मग डावा दाणा सुटला आणि पाषाणावरून घरंगळत खाली आला.

"डावो," महादू म्हणाला. "गिर्या नको. पडेलचो लावू काय आता?"

गौरजाने हात जोडले. "नको. ता मी बघतंय. पाणी आसा थंय."

तिने पदर खोचला आणि मागे वळली. विश्वेश वाटेत होता. ती थांबली नाही, त्यालाच सरकावं लागलं. सुशांत खांबाशी उभा होता, तोंड उतरलेलं. ती त्याच्याजवळ गेली. "दादा, पडेलच्या मालकाशी बोलूक तू येतंस? भाव माका करूक येतलो, पण मोजणीक फीत धरूक दुसरो माणूस व्हयो."

विश्वेशच्या चुलत्यांकडे त्याने एकदा पाहिलं, मग देवीकडे. "आज?" त्याने विचारलं.

"आत्ताच. दीडची गाडी आसा."

आई आधीच पायऱ्या उतरून चपला शोधायला लागली होती.